निकोलाय वाव्हिलोव्ह

निकोलाय इवानोविच वाव्हिलोव्ह (२५ नोव्हेंबर, इ.स. १८८७: मॉस्को, रशिया – २६ जानेवारी, इ.स. १९४३: सारातोव्ह, सोव्हिएत संघ) हे एक रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ, आनुवंशिकीतज्ज्ञ आणि भूगोलतज्ज्ञ होते. लागवडीखालील पिकांच्या उगमकेंद्रांचा सिद्धान्त आणि आनुवंशिक विविधतेतील समांतर श्रेणींचा नियम यांसाठी ते ओळखले जातात. पिकांची जनुकीय विविधता पृथ्वीवर सर्वत्र सारखी पसरलेली नसून ती काही ठरावीक प्रदेशांत एकवटलेली आहे, हे त्यांनी जगभर प्रवास करून दाखवून दिले. ही विविधता नष्ट होण्यापूर्वी गोळा करून जतन केली पाहिजे, या विचाराने त्यांनी त्या काळातील जगातील सर्वांत मोठा बियाण्यांचा संग्रह उभा केला. दुष्काळ आणि उपासमार यांवर उपाय शोधण्यात आयुष्य घालवलेल्या वाव्हिलोव्ह यांचा मृत्यू स्टालिनच्या राजवटीत तुरुंगात, उपासमारीमुळे झाला. डीएनए चिन्हकांच्या (मार्कर) साहाय्याने पिकांच्या विविधतेचा जो अभ्यास आज केला जातो, त्यातील मूलभूत प्रश्न प्रथम त्यांनीच मांडले होते.

जन्म, कुटुंब आणि शिक्षण

वाव्हिलोव्ह यांचा जन्म मॉस्को येथील एका व्यापारी कुटुंबात झाला. त्यांचे वडील इवान इल्यिच हे शेतकरी कुटुंबातून आले होते आणि मॉस्कोत कापडव्यवसायात नावारूपाला आले होते. त्यांचे धाकटे बंधू सेर्गेई वाव्हिलोव्ह हे पुढे प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ झाले. वडिलांच्या इच्छेनुसार निकोलाय यांचे शालेय शिक्षण वाणिज्य विद्यालयात झाले. परंतु व्यापारात न जाता त्यांनी इ.स. १९०६ मध्ये मॉस्कोच्या कृषी संस्थेत प्रवेश घेतला. तेथे मृदा व खते यांचे अभ्यासक द्मित्री प्र्यानिश्निकोव्ह हे त्यांचे शिक्षक होते. शेतातील गोगलगायींमुळे होणाऱ्या पीकहानीवर त्यांनी पदवीचा प्रबंध लिहिला.

पदवीनंतर त्यांनी सेंट पीटर्सबर्ग येथील उपयोजित वनस्पतिशास्त्र विभागात रॉबर्ट रेगेल यांच्या मार्गदर्शनाखाली काही काळ काम केले. इ.स. १९१३–१४ मध्ये ते पश्चिम युरोपात गेले. इंग्लंडमध्ये त्यांनी विल्यम बेटसन यांच्याकडे आनुवंशिकीचा अभ्यास केला. ग्रेगोर मेंडेल यांचे नियम तेव्हा नव्यानेच प्रकाशात आले होते आणि बेटसन हे त्यांचे प्रमुख पुरस्कर्ते होते. पिकांमधील रोगप्रतिकारकता आनुवंशिक असते आणि ती संकराद्वारे दुसऱ्या वाणात आणता येते, ही दिशा वाव्हिलोव्ह यांना या काळात मिळाली. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते रशियात परतले.

सुरुवातीचे संशोधन

इ.स. १९१६ मध्ये उत्तर इराणमधील रशियन सैनिक भाकरी खाल्ल्यावर आजारी पडू लागले. कारण शोधण्यासाठी वाव्हिलोव्ह यांना तेथे पाठवण्यात आले. स्थानिक गव्हात डार्नेल या विषारी तणाचे दाणे मिसळलेले असून काही गव्हाला बुरशीचीही लागण झाली आहे, असे त्यांना आढळले. हे काम आटोपून ते पामीरच्या डोंगराळ भागात गेले. उंचावरील शेतांत गव्हाची आणि राय या धान्याची मोठी विविधता त्यांनी पाहिली. राय हे मुळात गव्हाच्या शेतातील तण होते. अधिक थंड व उंच प्रदेशात गहू टिकत नसे, तेव्हा तेच तण मुख्य पीक बनले, असे अनुमान त्यांनी काढले.

इ.स. १९१७ मध्ये ते सारातोव्ह येथे प्राध्यापक झाले. वनस्पतींच्या रोगप्रतिकारकतेवरील त्यांचा ग्रंथ तेथील वास्तव्यात इ.स. १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जून १९२० मध्ये सारातोव्ह येथे भरलेल्या पीकसुधारकांच्या परिषदेत त्यांनी आनुवंशिक विविधतेतील समांतर श्रेणींचा नियम मांडला. जवळचे नाते असलेल्या जातींमध्ये विविधतेचे प्रकारही समांतर असतात, असे हा नियम सांगतो. उदाहरणार्थ, कुसळे असलेले आणि नसलेले, दाण्याला तूस चिकटलेले आणि न चिकटलेले, असे प्रकार गव्हात आढळत असतील, तर तसेच प्रकार सातूत व रायमध्येही शोधावेत. या नियमामुळे अद्याप न सापडलेल्या प्रकारांचे भाकीत करणे शक्य झाले. म्हणूनच त्याची तुलना मेंडेलीव्ह यांच्या आवर्त सारणीशी केली जाते.

रेगेल यांचे इ.स. १९२० मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या विभागाची जबाबदारी वाव्हिलोव्ह यांच्याकडे आली. सेंट पीटर्सबर्गचे नाव तेव्हा पेत्रोग्राद होते, इ.स. १९२४ मध्ये ते लेनिनग्राड झाले. इ.स. १९२१ मध्ये व्होल्गा खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला असतानाच वाव्हिलोव्ह अमेरिका व कॅनडाच्या दौऱ्यावर गेले आणि मोठ्या प्रमाणावर बियाणे मिळवून परतले. पुढे या विभागाचेच अखिल सोव्हिएत वनस्पती-उद्योग संस्थेत रूपांतर झाले. देशभर तिची प्रायोगिक केंद्रे उभी राहिली. गोळा केलेले बियाणे वेगवेगळ्या हवामानांत पेरून त्याचे गुणधर्म नोंदवणे हे या केंद्रांचे काम होते.

संशोधन मोहिमा

वाव्हिलोव्ह यांनी पाच खंडांत प्रवास केला. त्यांच्या प्रमुख मोहिमा पुढीलप्रमाणे:

– इ.स. १९२४: अफगाणिस्तान. घोड्यांच्या तांड्यासह सुमारे ५,००० किलोमीटर प्रवास. हिंदुकुश परिसरात मऊ गव्हाची मोठी विविधता आढळली.
– इ.स. १९२६–२७: भूमध्य सागरी देश आणि इथिओपिया. इथिओपियात कठीण गहू व सातू यांचे असंख्य प्रकार, तसेच टेफ हे स्थानिक धान्य यांचा अभ्यास.
– इ.स. १९२९: पश्चिम चीन, जपान, कोरिया व तैवान. याच वर्षी कझाकस्तानातील अल्माटीजवळच्या डोंगरांत त्यांनी रानटी सफरचंदांची जंगले पाहिली आणि लागवडीच्या सफरचंदाचे मूळ येथेच असावे, असे मत मांडले.
– इ.स. १९३०: अमेरिका, मेक्सिको व ग्वाटेमाला. मका, घेवडा व भोपळा यांच्या स्थानिक वाणांचे संकलन.
– इ.स. १९३२–३३: उत्तर व दक्षिण अमेरिका. पेरू व बोलिव्हियातील बटाट्याच्या वाणांचा अभ्यास.

प्रवासात ते स्थानिक भाषेतील पिकांची नावे टिपून घेत, बाजारातील धान्य विकत घेत आणि शेतकऱ्यांकडून पेरणीच्या रीती समजून घेत. त्यांच्या सहकाऱ्यांनीही स्वतंत्र मोहिमा काढल्या. बुकासोव्ह आणि युझेपचुक यांनी लॅटिन अमेरिकेत बटाट्याच्या अनेक जातींची नोंद केली. इ.स. १९४० पर्यंत संस्थेकडे दोन लाखांहून अधिक नमुने जमा झाले होते.

उगमकेंद्रांचा सिद्धान्त

इ.स. १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वाव्हिलोव्ह यांनी लागवडीच्या पिकांची उगमकेंद्रे मांडली. एखाद्या पिकाची सर्वाधिक विविधता जेथे आढळते तेथेच ते पीक प्रथम लागवडीखाली आले असावे, हे या मांडणीचे सूत्र होते. एका जागी दीर्घकाळ पीक घेतले गेले की त्यात नवनवे प्रकार साठत जातात. तेथून दूर जाताना मात्र त्यांतील थोडेच प्रकार माणसाबरोबर जातात, असा त्यामागील तर्क होता. ही केंद्रे प्रामुख्याने डोंगराळ प्रदेशांत असल्याचे त्यांना दिसून आले. सुरुवातीला त्यांनी पाच केंद्रे सांगितली. इ.स. १९३५ मधील मांडणीत ती आठ झाली:

१. चीन: सोयाबीन, राळा, अनेक फळझाडे
२. भारत: भात, तूर, मूग, उडीद, वांगे, काकडी, आंबा, याला जोडून इंडो-मलाया हे उपकेंद्र
३. मध्य आशिया: मऊ गहू, वाटाणा, मसूर
४. निकट पूर्व: गव्हाच्या अनेक जाती, राय, अंजीर, डाळिंब
५. भूमध्य सागरी प्रदेश: ऑलिव्ह, अनेक भाज्या
६. इथिओपिया: टेफ, कॉफी, सातूचे प्रकार
७. दक्षिण मेक्सिको व मध्य अमेरिका: मका, घेवडा, मिरची
८. दक्षिण अमेरिका: बटाटा, टोमॅटो, चिली आणि ब्राझील–पराग्वे येथे उपकेंद्रे

या सिद्धान्तातील अडचणी वाव्हिलोव्ह यांच्याही लक्षात आल्या होत्या. इथिओपियात गव्हाची विविधता विपुल असली तरी गव्हाचे रानटी पूर्वज तेथे उगवत नाहीत. त्यामुळे पिकाचे मूळ स्थान आणि नंतर विविधता वाढलेले दुय्यम केंद्र यांत फरक करणे आवश्यक ठरले. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी इ.स. १९७१ मध्ये केंद्रांच्या कल्पनेची फेरमांडणी केली. काही पिके विस्तृत प्रदेशात पसरत पसरत घडली असून त्यांना एकच केंद्र दाखवता येत नाही, असे त्यांनी दाखवले.

लिसेन्को यांच्याशी संघर्ष

वाव्हिलोव्ह इ.स. १९२९ मध्ये सोव्हिएत संघाच्या लेनिन कृषिविज्ञान अकादमीचे पहिले अध्यक्ष झाले. इ.स. १९३० पासून ते विज्ञान अकादमीच्या आनुवंशिकी संस्थेचेही संचालक होते. याच काळात सक्तीच्या सामुदायिक शेतीमुळे अन्नधान्याचे उत्पादन कोसळले आणि इ.स. १९३२–३३ मध्ये युक्रेनसह मोठ्या भागात लाखो लोक उपासमारीने मरण पावले. नवे वाण तयार करण्यास साधारणपणे दहा-बारा वर्षे लागत. शासनाने ते काम चार-पाच वर्षांत करण्याचा आग्रह धरला.

या परिस्थितीत त्रोफिम लिसेन्को या कृषितज्ज्ञाचा उदय झाला. बियाणे ओलवून थंडीत ठेवल्यास पीक लवकर फुलते, ही आधीपासून माहीत असलेली गोष्ट त्यांनी उत्पादनवाढीचा रामबाण उपाय म्हणून मांडली. पुढे तर परिस्थितीच्या प्रभावाने वनस्पतीने मिळवलेले गुण तिच्या संततीत उतरतात, असा दावा करून त्यांनी जनुकांचे अस्तित्वच नाकारले. सुरुवातीच्या काळात वाव्हिलोव्ह यांनी लिसेन्को यांच्या प्रयोगांना प्रोत्साहन दिले होते. त्यांचे दावे प्रयोगांत टिकत नाहीत हे स्पष्ट झाल्यावर मात्र त्यांनी उघड विरोध केला. स्टालिनचा पाठिंबा लिसेन्को यांना होता. इ.स. १९३५ मध्ये वाव्हिलोव्ह यांना कृषी अकादमीच्या अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले आणि इ.स. १९३८ मध्ये ते पद लिसेन्को यांना मिळाले. इ.स. १९३७ मध्ये मॉस्कोत होणारी आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषद तेथे झालीच नाही. ती इ.स. १९३९ मध्ये एडिंबरो येथे भरली. वाव्हिलोव्ह तिचे नियोजित अध्यक्ष होते. पण त्यांना देशाबाहेर जाऊ देण्यात आले नाही.

अटक, शिक्षा आणि मृत्यू

६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनमधील चेर्निव्त्सी परिसरात वनस्पती गोळा करण्याच्या मोहिमेवर असताना वाव्हिलोव्ह यांना अटक झाली. हेरगिरी, शेतीची नासधूस आणि राजद्रोह असे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. अनेक महिने चाललेल्या चौकशीनंतर ९ जुलै १९४१ रोजी लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंड सुनावला. त्यांचे सहकारी गेऑर्गी कार्पेचेन्को आणि लिओनिद गोव्होरोव्ह यांना त्याच महिन्यात गोळ्या घालण्यात आल्या. गव्हाचे तज्ज्ञ कॉन्स्टंटिन फ्ल्याक्सबर्गर आणि पेशीशास्त्रज्ञ ग्रिगोरी लेवित्स्की यांचा इ.स. १९४२ मध्ये कैदेत मृत्यू झाला.

जर्मन सैन्य मॉस्कोच्या जवळ आल्यावर ऑक्टोबर १९४१ मध्ये वाव्हिलोव्ह यांना सारातोव्हच्या तुरुंगात हलवण्यात आले. ज्या शहरात त्यांनी आपला पहिला महत्त्वाचा नियम मांडला होता, तेच हे शहर होते. कैदेत त्यांनी जगातील शेतीच्या इतिहासावर एक ग्रंथ लिहिला. त्याचे हस्तलिखित नंतर नष्ट झाले. इ.स. १९४२ मध्ये मृत्युदंड रद्द होऊन त्यांना वीस वर्षांच्या कैदेची शिक्षा देण्यात आली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांची परदेशी सदस्य म्हणून निवड केली. तोपर्यंत अपुऱ्या अन्नामुळे त्यांची प्रकृती पूर्ण ढासळली होती. २६ जानेवारी १९४३ रोजी तुरुंगाच्या रुग्णालयात वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सारातोव्हच्या दफनभूमीत त्यांना सामूहिक कबरीत पुरण्यात आले.

त्यांच्या दुसऱ्या पत्नी येलेना बारुलिना या मसुराच्या तज्ज्ञ होत्या. पहिल्या विवाहापासूनचे पुत्र ओलेग आणि दुसऱ्या विवाहापासूनचे पुत्र युरी हे दोघेही भौतिकशास्त्रज्ञ झाले. बंधू सेर्गेई इ.स. १९४५ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले.

लेनिनग्राडचा वेढा आणि बियाण्यांचा संग्रह

वाव्हिलोव्ह कैदेत असतानाच ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. तो २७ जानेवारी १९४४ पर्यंत टिकला. शहरात लाखो लोक भुकेने मेले. संस्थेच्या इमारतीत गहू, भात, मका, शेंगदाणा, डाळी यांचे कित्येक टन बियाणे होते. संस्थेतील शास्त्रज्ञांनी ते खाण्यास नकार दिला. उंदरांपासून, थंडीपासून आणि चोरीपासून त्याचे रक्षण करण्यासाठी त्यांनी पाळीपाळीने पहारा दिला. शहराजवळच्या पाव्लोव्हस्क येथील शेतातून बटाट्याचे नमुने तोफांच्या माऱ्यात काढून आणण्यात आले. संग्रहाचा काही भाग नंतर उरल प्रदेशात हलवण्यात आला. या काळात संस्थेचे अनेक कर्मचारी उपासमारीने मरण पावले. भातसंग्रहाचे प्रमुख द्मित्री इवानोव्ह आणि शेंगदाण्याचे अभ्यासक अलेक्सांद्र श्चुकिन हे त्यांपैकी होत. आपले संचालक कोठे आहेत, जिवंत आहेत की नाहीत, याची माहिती या सहकाऱ्यांना नव्हती.

डीएनए चिन्हके आणि वाव्हिलोव्ह यांचे सिद्धान्त

वाव्हिलोव्ह यांनी विविधता मोजली ती डोळ्यांना दिसणाऱ्या गुणांवरून: कणसाचा आकार, दाण्याचा रंग, कुसळे, रोगांना दिलेला प्रतिसाद. या पद्धतीला मर्यादा होती. असे गुण थोडे असतात, त्यांतील अनेकांवर जमीन व हवामानाचा परिणाम होतो, आणि दिसायला सारख्या दोन वाणांचे मूळ वेगळे असू शकते. इ.स. १९८० नंतर विकसित झालेल्या डीएनए चिन्हकांनी ही मर्यादा ओलांडली. डीएनएच्या साखळीत ज्या जागी एकाच पिकाच्या निरनिराळ्या रोपांत फरक आढळतो, ती जागा चिन्हक म्हणून वापरतात. अशा शेकडो ते लाखो जागा तपासून दोन वाणांतील नाते आणि एखाद्या प्रदेशातील विविधता आकड्यांत मांडता येते. रोप कोणत्या जमिनीत वाढले यावर हे चिन्हक अवलंबून नसते.

या पद्धतींनी वाव्हिलोव्ह यांच्या अनेक निष्कर्षांना पुष्टी दिली. मक्याचा उगम दक्षिण मेक्सिकोतील टिओसिंटे या रानटी गवतापासून सुमारे ९,००० वर्षांपूर्वी झाला, असे इ.स. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. इ.स. २००५ मधील अभ्यासाने बटाट्याचे मूळ दक्षिण पेरूमध्ये असल्याचे दाखवले. मध्य आशियातील रानटी सफरचंद हा लागवडीच्या सफरचंदाचा प्रमुख पूर्वज असल्याचेही सिद्ध झाले. मात्र युरोपात पसरताना तेथील रानटी सफरचंदाचाही त्यात मोठा संकर झाला, ही नवी माहिती मिळाली. आइनकॉर्न या प्राचीन गव्हाचे मूळ आग्नेय तुर्कस्तानातील काराजादाग डोंगराजवळ असल्याचे इ.स. १९९७ मध्ये दिसून आले. हा भाग वाव्हिलोव्ह यांच्या निकट पूर्व केंद्रातच येतो.

समांतर श्रेणींच्या नियमालाही जनुकीय आधार मिळाला. इ.स. १९९० च्या दशकात चिन्हकांच्या साहाय्याने गहू, भात, मका यांच्या गुणसूत्रांचे नकाशे तयार झाले, तेव्हा त्यांतील जनुकांचा क्रम बऱ्याच अंशी सारखा असल्याचे आढळले. पक्व दाणे गळून न पडण्याचा गुण ज्वारी, भात आणि मका यांत एकाच जनुकातील वेगवेगळ्या बदलांमुळे आला, असे इ.स. २०१२ मध्ये दाखवण्यात आले.

काही निष्कर्ष मात्र बदलावे लागले. वाव्हिलोव्ह यांनी भाताचे मूळ भारतात मानले होते. जपोनिका भाताची लागवड चीनमधील यांगत्से खोऱ्यात सुरू झाली, असे आता पुरातत्त्वीय व जनुकीय पुरावे दर्शवतात. हरभऱ्याची भारतातील विविधता मोठी असली तरी त्याचा रानटी पूर्वज आग्नेय तुर्कस्तानात आढळतो. म्हणजेच विविधता जेथे अधिक, तेथेच उगम, हे सूत्र प्रत्येक पिकाला लागू होत नाही.

ही तपासणी शक्य झाली त्यात वाव्हिलोव्ह यांनी जमवलेल्या बियाण्यांचाही वाटा आहे. त्यांच्या संस्थेतील गव्हाच्या २९५ वाणांची डीएनए चिन्हकांद्वारे तपासणी करून ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तांबेरा रोगाला प्रतिकार करणारे नवे जनुकीय स्रोत शोधले. तुर्कस्तान आणि इथिओपियातून आणलेल्या हरभऱ्याच्या जुन्या गावठी वाणांचाही असाच अभ्यास झाला आहे. त्यांतील बरेच वाण आज मूळ प्रदेशांतील शेतांत आढळत नाहीत.

भारताशी संबंध

वाव्हिलोव्ह यांच्या मांडणीत भारत हे एक प्रमुख केंद्र होते. त्यांचे सहकारी मार्कोविच यांनी इ.स. १९२० च्या दशकात भारतात येऊन पिकांचे नमुने गोळा केले. तुरीच्या बाबतीत त्यांचे अनुमान योग्य ठरले. तुरीचा रानटी पूर्वज भारतातच आढळतो आणि डीएनए अभ्यास मध्य भारताकडे तिचे मूळ म्हणून निर्देश करतात. भारतात इ.स. १९७६ मध्ये नवी दिल्ली येथे राष्ट्रीय पातळीवर वनस्पती जनुकीय संसाधनांची संस्था स्थापन झाली. तिचे एक प्रादेशिक केंद्र महाराष्ट्रात अकोला येथे आहे. गावठी वाणांचे संकलन व जतन हे तिचे काम वाव्हिलोव्ह यांनी घालून दिलेल्या पद्धतीशी जुळणारे आहे.

पुनर्वसन आणि सन्मान

स्टालिनच्या मृत्यूनंतर २० ऑगस्ट १९५५ रोजी वाव्हिलोव्ह यांच्यावरील सर्व आरोप रद्द करण्यात आले. लिसेन्को यांचा प्रभाव मात्र त्यानंतरही दहा वर्षे, म्हणजे इ.स. १९६५ पर्यंत, टिकून होता. या काळात सोव्हिएत संघातील आनुवंशिकी संशोधन मोठ्या प्रमाणात मागे पडले. इ.स. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लेनिनग्राडच्या संस्थेला वाव्हिलोव्ह यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या प्रवासवर्णनाचा उपलब्ध भाग पाच खंड या नावाने इ.स. १९६२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. वाटाण्याशी नाते असलेल्या वाव्हिलोव्हिया या वनस्पती प्रजातीला त्यांचे नाव आहे. २८६२ वाव्हिलोव्ह हा लघुग्रह निकोलाय आणि सेर्गेई या दोन्ही बंधूंच्या नावाने ओळखला जातो. पिकांच्या विविधतेच्या केंद्रांना आजही वाव्हिलोव्ह केंद्रे असे म्हटले जाते.